समेवर शटर : मैफलीचे फोटो काढायला निघालेल्यांसाठी

गेल्या हिवाळ्यात एका मैफलीला माझ्या शेजारी विशी-बाविशीचा एक मुलगा कॅमेरा घेऊन बसला होता. मध्यंतरात चहाच्या रांगेत त्यानं कॅमेऱ्याचा स्क्रीन माझ्यापुढे धरला. एका बड्या ख्यालात, म्हणजे संथ लयीतल्या एका गाण्यात, चौदाशे फोटो. सगळे शार्प, सगळे उजळ, आणि एकही त्याच्या मनासारखा नाही. "काका, तुमच्या वेळी रोलमध्ये छत्तीसच असायचे ना? मग कसं जमायचं?"

"पुष्कळदा नाही जमायचं," मी म्हटलं. त्याला वाटलं, मी उगाच विनय दाखवतोय.

हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून मी पुण्यातल्या मैफलींचे फोटो काढतोय. पहिली पंधरा-सोळा वर्षं फिल्मवर, नंतर डिजिटलवर. फिल्मचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. आम्ही कमी फोटो काढायचो ते संयमामुळे नव्हे, खिशामुळे. मात्र त्या तंगीत कान तयार झाला, आणि मैफलीच्या फोटोला डोळ्याच्या आधी कान लागतो, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पुढचं सगळं हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताच्या बैठकीबद्दल आहे. रॉक शोचं गणित निराळं, ते त्यातल्या माणसांनी सांगावं.

पायरी १ : परवानगी, आणि एक तास आधी

आयोजकांना आधी भेटा, फोन करा, पास घ्या. कुठे बसायचं, कुठवर जायचं, मंचाच्या पायऱ्या चढायच्या की नाही, हे विचारून घ्या. काही कलाकारांना गाताना समोर कॅमेरा चालत नाही, काहींना फक्त पहिली दहा मिनिटं चालतो. शिष्यांपैकी कुणाला तरी विचारलंत की नेमकं कळतं. फ्लॅशचा प्रश्नच येत नाही. तो बॅगेतसुद्धा नेऊ नका, म्हणजे मोह होणार नाही.

एक तास आधी पोचायचं ते साउंड चेकसाठी. त्या वेळी मंचावरचे दिवे लागलेले असतात, माइक कुठे येणार ते ठरत असतं, तंबोरे लागत असतात. तुमची सगळी मोजमापं तेव्हाच उरकून घ्या. गाणं सुरू झाल्यावर बटणं चाचपत बसलेला फोटोग्राफर मागच्या रांगेतल्या आजींना फार छळतो.

पायरी २ : ताल मोजायला शिका

इथे मी जरा रेंगाळणार आहे. बाकीच्या पायऱ्या कुठल्याही व्हिडिओत मिळतील, ही मिळणार नाही.

गाणाऱ्याचा चेहरा सतत बदलतो आणि बहुतेक वेळा तो फोटोच्या सोयीचा नसतो. 'आ'काराच्या तानेत जबडा उघडलेला, मान वाकडी, कपाळावर शिरा. गाणाऱ्याला त्या वेळी स्वतःच्या चेहऱ्याचं भान नसतं, नसावंच. पण त्या क्षणी शटर दाबलंत तर कागदावर दुखणं उमटतं, गाणं नाही. नवशिक्याचे शंभरातले ऐंशी फोटो नेमके तिथले असतात, कारण आवाज चढला की बोटही आपोआप दाबलं जातं.

खरा चेहरा दिसतो तो तान संपून समेवर, म्हणजे तालाची फेरी जिथून सुरू होते त्या पहिल्या मात्रेवर, आल्यावर. गळा मोकळा होतो, हात सुटतो, नजर तबलजीकडे जाते, तबलजी हसतो, पेटीवाले मान डोलावतात, समोरून "वाः" येतं. हे सगळं मिळून सेकंदभर चालतं. तो सेकंद कधी येणार हे डोळ्यांना आधी कळत नाही, कानांना कळतं.

विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल घ्या. बारा मात्रा. तबल्याचे बोल असे : धिं धिं, धागे तिरकिट, तू ना, कत् ता, धागे तिरकिट, धी ना. अति विलंबित लयीत एकेका मात्रेला चार-पाच सेकंद, म्हणजे एक आवर्तन, तालाची एक पूर्ण फेरी, जवळजवळ मिनिटभराचं. तेवढ्या वेळात डोळ्याला कॅमेरा लावून बसायची गरजच नाही. खाली ठेवा, ऐका. यात 'धागे तिरकिट' दोनदा येतं. पहिलं तिसऱ्या-चौथ्या मात्रेवर, ते जाऊ द्या. दुसरं नवव्या-दहाव्यावर. ते ऐकू आलं की कॅमेरा वर घ्या. 'धी'ला फोकस तपासा. साधारण तिथेच गायक मुखडा उचलतो, बंदिशीचे तेच ओळखीचे शब्द. 'ना'ला श्वास रोखा. सम आली की लगेच दाबू नका, पापणी लवण्याइतकं थांबा आणि मग दाबा. समेचा स्वर लागताना तोंड उघडं असतं, तो सुटल्यावर चेहरा उघडतो.

दोन-तीन आवर्तनं नुसती मोजलीत तरी त्या गायकाची सवय कळते. कुणी समेवर डावा हात खाली आपटतो, कुणी डोळे मिटतो, कुणी सम मुद्दाम हुलकावणी देऊन उशिरा गाठतो आणि खट्याळपणे तबलजीकडे बघतो. फोटो पुढच्या आवर्तनात काढा.

द्रुत, म्हणजे जलद, तीनतालात एवढी सवड नसते. तिथे तिहाईवर लक्ष ठेवा. तोच बोल तीनदा येतो, आणि तिसरा बहुधा समेवर येऊन पडतो. पहिल्याला सावध व्हा, दुसऱ्याला फ्रेम बांधा, तिसऱ्याला शटर. सतार-सरोदच्या 'झाला'मध्ये, म्हणजे शेवटच्या वेगवान भागात, मात्र मी मोजणं सोडून देतो आणि वादकाच्या उजव्या हाताकडे बघत बसतो.

फिल्मच्या कॅमेऱ्यात याला आणखी एक कारण होतं. शटर दाबलं की आतला आरसा वर जायचा आणि डोळा लावायची खिडकी क्षणभर काळी व्हायची. म्हणजे डोळ्याला जो क्षण दिसला तो फिल्मवर नव्हता आणि जो फिल्मवर गेला तो दिसलाच नव्हता. समेवरचं हास्य मला खिडकीतून स्पष्ट दिसलं की मी समजायचो, हुकलं. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांत हा अंधार नाही. काहींत बटण पूर्ण दाबण्याआधीच्या अर्ध्या सेकंदाचे फोटोही साठवून ठेवायची सोय आहे. जरूर वापरा, त्यात लबाडी काही नाही. फक्त तो अर्धा सेकंद समेच्या आसपासचा असायला हवा, आणि ते कॅमेरा सांगत नाही.

पायरी ३ : जागा

मधोमध बसू नका. बरोबर समोरून माइकचा गोळा गायकाच्या ओठांवर येतो आणि मग तुम्ही चेहऱ्याचा नाही, माइकचा फोटो काढता. तीस-चाळीस अंश बाजूला सरका. कुठल्या बाजूला? ज्या बाजूला तबलजी बसलाय त्याच्या विरुद्ध. समेवर गायक तबलजीकडे वळणार असेल तर मला त्याची पाठ दिसेल की काय, असं वाटतं, पण मान पूर्ण फिरत नाही, पाऊण चेहरा दिसत राहतो आणि त्याच्यापलीकडे तबलजीचा चेहरा फ्रेममध्ये येतो. दोघांमधली ती नजर मिळाली की दुसरं काही नको.

सतारीचा दांडा प्रेक्षकांच्या उजवीकडे वर जातो. उजवीकडे बसलात तर पडद्यांवरचा डावा हात पुढे येतो, डावीकडून चेहरा आणि मिजराबीचा, म्हणजे तार छेडायच्या नखीचा, हात मोकळा मिळतो. बासरीचं टोक ज्या बाजूला असेल तिच्या उलट बाजूला जा, नाहीतर वेळू थेट तुमच्याकडे रोखलेला आणि ओठ गायब.

उंची हाही मुद्दा आहे. कलाकार मंचावर मांडी घालून बसलेले, मंच तीन-चार फूट उंच. त्याला चिकटून खाली बसलात तर नाकपुड्या आणि हनुवटी मिळते. पाच-सहा रांगा मागे सरका आणि लांब लेन्स वापरा. सतरंजीवर बसून गुडघे उभे करायचे, कोपरं त्यांवर टेकायची. हा माझा ट्रायपॉड, पस्तीस वर्षं तोच आहे, अलीकडे थोडा कुरकुरतो.

पायरी ४ : सामान

थोडक्यात सांगतो. सुरुवातीला ८५ मिमी एफ १.८ ही एकच लेन्स पुरते (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), आणि वापरलेली मिळाली तर खिशाला झेपते. पुढे ७०-२०० एफ २.८. माझ्याकडे निकॉन एफएम२ हा फिल्म कॅमेरा होता, आणि ८५ आणि १३५च्या लेन्स. एकात कृष्णधवल, दुसऱ्यात रंगीत असे दोन कॅमेरे गळ्यात लटकवणाऱ्यांचा मला हेवा वाटायचा.

फोकस हाताने करायचा. अंधुक उजेडात खिडकीतली ती दुभंगलेली रेघ जुळवायला काहीतरी सरळ कडा लागते आणि चेहऱ्यावर सरळ कडा नसते. म्हणून आम्ही शालीचा जरीकाठ, झब्ब्याची गुंडी किंवा चष्म्याची काडी धरायचो. आता कॅमेरा स्वतः डोळा शोधतो, पण कुणाचा, ते बघत चला. गायकानं डोळे मिटले की बऱ्याचदा तो मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येचा डोळा पकडतो, किंवा माइकची जाळी. फोकसचा चौकोन लहान करून स्वतः चेहऱ्यावर ठेवलात तर हा त्रास वाचतो.

पायरी ५ : उजेडाचं गणित

फिल्म कॅमेऱ्यात घातली की तिचा वेग छत्तीस फोटोंसाठी ठरून गेला. माझी नेहमीची फिल्म इलफर्डची एचपी५ प्लस, ४०० एएसएची, म्हणजे आजच्या भाषेत आयएसओ ४००. त्याआधी पूर्व जर्मनीची ऑर्वो स्वस्तात मिळायची, ती वापरायचो. शंभर फुटांचा डबा आणून अंधारात स्वतःच रिकाम्या डब्यांत भरायची. एका डब्यात अठरा-एकोणीस रोल निघायचे.

मैफलीच्या दिव्यांना ४०० पुरत नाही. मग कॅमेऱ्याला खोटं सांगायचं की ही १६००ची फिल्म आहे, आणि ते खोटं धुताना निस्तरायचं, म्हणजे डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. याला पुश करणं म्हणतात. आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना एरवी साडेसात मिनिटं, १६००ला चौदा. किंमत मोजावी लागायची ती सावल्यांत. गडद रंगाची शाल नुसता काळा डाग व्हायची आणि ग्रेन, म्हणजे फिल्मचे कण, वाळूसारखा दिसायचा. मध्येच दिवे वाढले, तरी रोल संपेपर्यंत १६००च.

बेताच्या उजेडात माझा आकडा ठरलेला असायचा : १६००, एफ २.८, शटर १/६० सेकंद. एवढ्या शटरला चेहरा स्थिर मिळतो, हात हलतो. तबल्यावरची बोटं धुरासारखी दिसायची आणि लोक त्याला कलात्मक म्हणायचे. आज त्याच उजेडात मी ६४०० लावतो, एफ २.८ तेच, शटर १/२५०. उजेड तोच, वेळ चौपट कमी, आणि बोटं वेगवेगळी मोजता येतात. २००७ साली निकॉनचा डी३ हा डिजिटल कॅमेरा आला तेव्हा ६४०० वरचा स्वच्छ फोटो बघून मी एक आख्खी संध्याकाळ काही बोललो नव्हतो.

तेव्हा नवशिक्यांनो, आयएसओला घाबरू नका. कमी आयएसओवर काळपट फोटो काढून घरी तो उजळवलात तर सावल्यांत रंगीत किडे दिसतात. त्यापेक्षा तिथेच ६४०० परवडलं. नॉइज, म्हणजे हे किडे, काढणारी सॉफ्टवेअरं आता फार चांगली आहेत, पण बेतानं. जास्त ओढलंत की दाढी आणि पश्मिना दोन्ही मेणाचे होतात.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर मात्र तेव्हाही भरवसा नव्हता, आताही नाही. मागे काळा पडदा, पुढे एक उजळ चेहरा. कॅमेऱ्याला वाटतं, सगळंच अंधारात आहे, आणि तो पडदा राखाडी करायच्या नादात चेहरा पांढराफटक करतो. यावर आमची युक्ती अशी : साउंड चेकच्या वेळी मंचावर जायचं, गायकाच्या जागी आपला तळहात धरायचा, त्याच्यावर मोजायचं आणि एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ करायचं. तळहात मीटरच्या राखाडीपेक्षा साधारण तेवढाच उजळ असतो. मग सगळं मॅन्युअलवर टाकून विसरून जायचं. डिजिटलवरही मी हेच करतो.

एक गोष्ट उलटी झाली, ती लक्षात ठेवा. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड पोटात घालायची, कमी उजेड सहन करायची नाही, म्हणून आम्ही सावल्या सांभाळायचो. डिजिटलमध्ये सावल्या काही प्रमाणात वर काढता येतात, पण पांढरा झब्बा एकदा फुटला की त्यातली चिकनकारी परत येत नाही. आता सांभाळायचा तो झब्बा.

पायरी ६ : रंग

पूर्वीचे मंचावरचे दिवे हॅलोजनचे, साधारण ३२०० केल्विनचे, म्हणजे पिवळट उजेडाचे. दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली रंगीत फिल्म त्यांच्याखाली वापरली की सगळे कलाकार हळदीच्या कार्यक्रमातून उठून आल्यासारखे दिसायचे. निळा फिल्टर लावला तर दोन स्टॉप उजेड खायचा, आणि तेवढा उजेड होता कुणाकडे? जुन्या मैफलींचे इतके फोटो कृष्णधवल का, याचं मोठं कारण हे आहे. सौंदर्यदृष्टी वगैरे नंतर चिकटली.

आज व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं यासाठीचा रंगांचा तोल, घरी बसून बदलता येतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा, म्हणजे झालं. पण एलईडीनं नवीन दुखणं आणलंय. निळ्या-जांभळ्या झोतात गायकाचा चेहरा बुडाला तर व्हाइट बॅलन्स काय करणार? तिथे लाल-हिरवा प्रकाशच जवळजवळ नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निळा प्रकाश टिपणारे ठिपके चारांत एक असतात, म्हणजे तुमचा महागडा कॅमेरा पाव क्षमतेनं चाललाय. साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, यात फसवतो, तिन्ही रंगांचा वेगवेगळा उघडून बघा. निळा भिंतीला टेकलेला असेल तर उजेड कमी करा.

आणि लाइटवाल्याशी मैत्री करा. तो कन्सोलवर एकटाच बसलेला असतो, त्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही. "दादा, तोंडावर तेवढा पांढरा ठेवाल का, रंग मागच्या पडद्यावर चालेल," एवढं एक वाक्य दोन हजारांच्या फिल्टरपेक्षा जास्त काम करतं.

फोटोवर आडवे पट्टे दिसले तर तो दिव्यांच्या लुकलुकण्याचा दोष. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. शटर १/१०० किंवा १/५० ला आणून बघा, बहुतेक वेळा पट्टे जातात. काही एलईडी याहून कितीतरी वेगानं लुकलुकतात. तिथे मेकॅनिकल शटर हा पहिला उपाय. आणि हे साउंड चेकला तपासायचं, यमन रागाचा पहिला निषाद लागल्यावर नव्हे.

पायरी ७ : आवाज

एफएम२चा आवाज खटका पडल्यासारखा यायचा. १९९० च्या आसपास एका खाजगी बैठकीत, पंचवीस-तीस माणसं, आलाप चाललेला, गायक मंद्र षड्जावर थांबलेले, आणि मी दाबलं. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मिटले. बोलले काही नाहीत. पुढचा अर्धा तास माझा कॅमेरा मांडीखाली होता. त्यानंतर मी आलापात शटर दाबणंच सोडलं. तबला सुरू झाला की त्याच्या ठेक्याखाली लपून दाबायचं. समेवर दाबायची सवय लागली त्यामागे हेही एक कारण, कारण समेवर टाळ्या-दाद असते आणि खटका त्यात विरतो.

आता इलेक्ट्रॉनिक शटर पूर्ण मुकं आहे. आलापातले, डोळे मिटलेले, एकटे चेहरे तुम्हाला मिळू शकतात. ते आमच्या पिढीकडे फार थोडे आहेत. हा डिजिटलचा सर्वांत मोठा फायदा, आयएसओपेक्षाही मोठा, असं माझं मत. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत हे मुकं शटर चित्र वरून खाली ओळीओळीनं वाचतं. तेवढ्यात व्हायोलिनचा गज पुढे सरकलेला असतो आणि फोटोत तो वाकडा येतो. आलापात मुकं, द्रुतात मेकॅनिकल, हा साधा नियम पाळा.

मुकं शटर मिळालं म्हणून फोटोग्राफर मुका होत नाही. बीप बंद करा. फोकससाठी लागणारा तो तांबडा दिवा बंद करा. मागचा स्क्रीन बंद करा. काढलेला प्रत्येक फोटो तिथल्या तिथे बघू नका, अंधारात तुमच्या चेहऱ्यावर पडलेला निळा उजेड गायकाला मंचावरून दिसतो. आणि तो बघेपर्यंत एक सम निघून गेलेली असते.

पायरी ८ : घरी आल्यावर

सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासूनचा. मी जाऊ लागलो तेव्हा तो रमणबागेच्या मैदानावर व्हायचा आणि रात्रभर चालायचा. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करायच्या नियमामुळे ती पहाट गेली. आता मुकुंदनगरला दुपार-संध्याकाळच्या वेळा असतात. तेव्हा सकाळी, थंडीत कुडकुडत सायकलवरून घरी यायचं, न झोपता मोरीत रोल धुवायला बसायचं. डिसेंबरात नळाचं पाणी गार, डेव्हलपर २० अंशांवर आणायला किटलीतलं गरम पाणी घालायचं. एप्रिलात उलट, बर्फ. टाकी दर मिनिटाला उलटी-सुलटी करायची, मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग धुणं. रोल रिळावरून सोडवून उजेडाकडे धरायचा, ते दहा सेकंद अजून आठवतात.

एकदा तो रोल कोराच निघाला. फिल्मचं टोक आतल्या रिळात अडकलंच नव्हतं. मी रात्रभर लिव्हर ओढत होतो, काउंटर पुढे जात होता, फिल्म जागच्या जागी. काउंटरनं ३८ दाखवलं तेव्हा घाम फुटला. त्यानंतर लिव्हर ओढताना डावीकडची खुंटी फिरते का ते आधी बघायचो. तुमच्यासाठी याचं भाषांतर : दोन कार्डं, दोन्हीवर एकाच वेळी लिहिणं चालू, आणि कार्ड घरी येऊन दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय फॉरमॅट नाही.

निवड करताना आमच्याकडे कॉन्टॅक्ट शीट असायचं. सहा-सहाच्या सहा पट्ट्या एका कागदावर, छत्तीस टिकलीएवढे फोटो, भिंगातून बघायचे आणि लाल पेन्सिलीनं खूण करायची. संपूर्ण मैफल एका दृष्टिक्षेपात. चौदाशे फोटो स्क्रीनवर एकेक बघत बसणं हे त्याच्या अगदी उलट आहे, दोनशेच्या पुढे नजर मरते. म्हणून पहिल्या फेरीत लहान चौकटीत, एका वेळी तीस-चाळीस, झरझर बघा. लहान आकारात जो ओढून घेतो तोच ठेवायचा. मोठा करून डोळा शार्प आहे का ते नंतर. दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी. एका कलाकाराचे बारा फोटो, त्याहून जास्त कुणाला दाखवू नका. आईलासुद्धा.

वेडेवाकडे चेहरे कधीच बाहेर जाऊ देऊ नका. तांत्रिकदृष्ट्या फोटो कितीही सरस असो, तो माणूस तुमच्यासमोर बेसावध होता.

फोटो बघायची सवय लावा. पुण्यात सतीश पाकणीकर, दिल्लीत अविनाश पसरिचा, दोघांनीही फिल्मच्या काळापासून कलाकार टिपलेत. त्यांचे फोटो बघताना एकच विचारा : हा गाण्यातला कुठला क्षण आहे? स्वराच्या आधीचा, मधला की नंतरचा?

पायरी ९ : हक्क आणि नावं

कॉपीराइटचा कायदा थोडा माहीत असू द्या. आपण होऊन काढलेल्या फोटोचा हक्क फोटोग्राफरचा. पण कुणी पैसे देऊन काढून घेतलेला असेल, आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. आयोजकांकडून मानधन घेणार असाल तर चार ओळींचं पत्र आधी करून घ्या. मी बराच काळ केलं नव्हतं.

साठवणीबद्दल आमच्या पिढीला फुशारकी मारायला जागा आहे, पण बेताची. माझ्या काही निगेटिव्ह पावसाळ्यात बुरशीनं खाल्ल्या. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यातल्या वाचल्या, आणि त्या आजही स्कॅन होतात. उलट २००६-०७चे डिजिटल फोटो एकाच हार्ड डिस्कवर होते, ती एका सकाळी टकटक करून गेली. दोन वर्षं कोरी.

आणि शेवटचं काम त्याच रात्री करायचं, झोप आली तरी : नावं लिहा. गायक तर लिहालच. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तंबोऱ्यावर कोण, राग कुठला, तारीख, जागा. फिल्मच्या काळात प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायचो, आता फाइलमध्येच मजकूर घालायची सोय आहे. मुख्य कलाकाराला लोक पन्नास वर्षांनीही ओळखतील, साथीदारांना नाही.

माझ्याकडे १९९१च्या महोत्सवातली एक निगेटिव्ह आहे. समेचा क्षण, गायकाचा हात हवेत, तबलजी हसतोय, आणि मागे तंबोऱ्यावर एक मुलगी, मान किंचित कललेली. पाकिटावर मी तिघांची नावं लिहिलीत, तिचं नाही. दोघा-तिघांना दाखवून झालं. गेल्या महिन्यात स्कॅन खूप मोठा करून बघितला तर ग्रेनमधून तिच्या मनगटावरचं घड्याळ दिसलं. पावणेपाच वाजलेत.